थर्मामीटरचा आकडा खरा का खोटा, कसं बघायचं

मी आशाताई, निफाडकडच्या वस्त्यांवर बाळं बघायला जाते. मागच्या थंडीत २१व्या दिवसाच्या भेटीला काखेत थर्मामीटर लावला तर ९५.२ फॅरनहाइट, पोटात गोळाच आला माझ्या, पण बाळ मस्त दूध ओढतंय, तळपाय गरम. मग बघितलं तर टोक काखेतनं मागे निघून झबल्याला टेकलेलं! नीट लावलं तर ९७.९. म्हणजे मशीन बरोबर, चूक माझीच.

तर आधी लावायचं नीट शिका. काख कोरडी पुसा, टोक बरोबर मध्यावर खोल आणि हात अंगाशी धरून ठेवा, बीप वाजेपर्यंत सोडायचा नाही. नुकतीच अंघोळ झाली असेल किंवा बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असेल तर थोडं थांबा. आणि तो झटकायची सवय सोडा बाई, ती पाऱ्याच्या काचेची होती, डिजिटलला झटकून काही होत नाही. ऊन तापलं की स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका, मालेगावच्या मे महिन्यात तर डिक्कीतच ४२ सेल्सिअसच्या वर जातं, ठेवलाच असेल तर आधी सावलीत गार होऊ द्या.

आता मशीनवरच शंका असेल तर? कोणीतरी सांगतं बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, शून्य आला पाहिजे. आपला ताप मोजायचा थर्मामीटर साधारण ३२ सेल्सिअसच्या खाली वाचतच नाही, नुसतं 'लो' दाखवतो, त्यामुळे ती टेस्ट आपल्या कामाची नाही. त्यापेक्षा मगात अंगाला कोमट लागेल इतकं पाणी घ्या, दोन-तीन थर्मामीटरची नुसती टोकं एकदमच बुडवा, पाणी हलवत रहा, कारण ते गार होत जातं, एकामागून एक लावले तर तुलनेला अर्थच नाही. जो बाकीच्यांपेक्षा अर्धा डिग्री फॅरनहाइट वेगळा बोलतो तो बाजूला ठेवा. दोनच असतील आणि जुळले नाहीत तर खोटा कुठला ते कळणार नाही, तिसरा कोणाकडून तरी मागून आणा. स्क्रीन फिकट दिसली तर आधी सेल बदला.

कपाळावरच्या पट्ट्या मी मोजण्यासाठी धरतच नाही. गनचं पण तसंच, घाम किंवा ऊन असलं की आकडा हलतो, लहान बाळाला काखेतच लावा.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत ९९.५ किंवा वर, किंवा ९५.९ च्या खाली आलं तर पुसून एकदाच परत मोजा आणि तेच आलं तर लगेच दवाखान्यात. खाली असेल तर जाताना आईच्या उघड्या छातीशी धरून, टोपी घालून न्या. दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल तर आकडा नॉर्मल असला तरी जायचंच, तिथे पाण्याची टेस्ट करत बसू नका.

वापरून झाला की टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, उकळत्या पाण्यात नाही. सेल बदलल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून कव्हरला लावते मी, सध्याच्यावर नुसतं 'नागपंचमी' लिहिलंय, कुठल्या वर्षाची देव जाणे.