उन्हाळ्यात डोंगा फाटू नये म्हणून

वैनगंगेवर काय किंवा भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर काय, लाकडी डोंगा, म्हणजे फळ्यांची छोटी नाव, पाण्यापेक्षा उन्हानं जास्त लवकर जातो. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात, गोड्या पाण्यात ती भीती नाही. पण वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर चढला आणि डोंगा काठावर उघडा पडून राहिला, की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. लाकडातली ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की ते आकसू लागतं. कुजण्याचं कारण वेगळं. बुरशीला २० टक्क्यांच्या वर ओल लागते आणि सोबत हवाही लागते. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही आणि पूर्ण सुकलेल्याला ओल मिळत नाही. कुजतो तो सारखा ओला-सुका होणारा भाग, म्हणजे पाण्याच्या रेषेवरची फळी, डोंग्याचा वरचा काठ आणि फासळ्यांच्या (आतून फळ्यांना धरणाऱ्या आडव्या लाकडांच्या) बुडाशी असलेले कोपरे.

म्हणून एप्रिल-मे मध्ये डोंगा वापरात नसेल तर तो सरळ बुडवून ठेवा. वल्हं, बांबू, दोर, जाळं सगळं काढून घ्या. तळाला दगड किंवा खुंट नाही अशी गाळाची जागा निवडा. डोंग्याचा काठ निदान हातभर पाण्याखाली गेला पाहिजे. सागाचं लाकूड पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे डोंगा पाण्यानं भरला तरी आपोआप तळाशी बसत नाही, वजन ठेवावं लागतं. दोनशे किलोच्या डोंग्याला वीस-वीस किलो वाळूच्या दहाएक गोण्या धरा. काट्यावर दोनशे किलो भरणारी वाळू पाण्यात बरीच हलकी होते, म्हणून ‘एवढ्या कशाला’ असं वाटलं तरी कमी करू नका. गोण्या फासळ्यांवर ठेवा. दोन फासळ्यांच्या मधल्या मोकळ्या फळीवर ठेवल्या तर फळीला बाक येतो आणि तो मग जात नाही. दगड वापरू नका, त्यांच्या धारेनं तळ खरवडतो.

मे मध्ये तलावाचं पाणी रोज उतरत असतं. दर तीन-चार दिवसांनी जाऊन पाहा आणि काठ उघडा पडायच्या आत डोंगा खोल सरकवा. अर्धा बुडालेला डोंगा सगळ्यात वाईट, त्यापेक्षा झाडाखाली ठेवलेला परवडला. झाडाखाली ठेवायचाच असेल तर दोन ओंडक्यांवर, जमिनीपासून वीतभर वर ठेवा, नाहीतर उधई (वाळवी) चढते. आत सकाळ-संध्याकाळ दोन-तीन बादल्या पाणी टाका आणि वर ओली पोती अंथरा. तणस (भाताचा पेंढा) घालू नका, त्यातूनच उधई येते.

डागडुजीचे दिवस फेब्रुवारी-मार्चचे. तलावातला शिंगाडा निघून गेलेला असतो आणि ऊन अजून तापलेलं नसतं. डोंगा सावलीत आठ-दहा दिवस सुकू द्या, त्याहून जास्त नको. शेवाळ आणि जुनं डांबर खरवडून काढा. मग बारीक आरी (चांभाराचा टोच्या) घेऊन पाण्याच्या रेषेवरचं लाकूड वीत-वीत अंतरावर टोचा. आरी टोकापुरतीच शिरली तर लाकूड ठीक. बोटाच्या पेराएवढी सहज शिरली तर तेवढा तुकडा कापून नवा बसवा, वरून डांबर फासून ते लाकूड वाचत नाही. खिळ्याभोवती काळं कडं दिसलं तर खिळा आतून गंजला आहे असं समजा. तो काढा आणि शेजारी, चांगल्या लाकडात, जस्ताचा मुलामा दिलेला खिळा मारा. जुन्याच भोकात मारलेला धरत नाही.

सांध भरायला सुताचा सैल पिळलेला पेड घ्या. बोथट पटाशी आणि लाकडी हातोड्यानं तो सांधेत बसवा, पण ठासू नका. सगळ्यात जास्त चूक इथं होते. लाकूड पाण्यात फुगतं तेव्हा ठासलेला पेड फळ्यांना बाहेर रेटतो, खिळे सैल होतात आणि डोंगा पहिल्यापेक्षा जास्त गळतो. पेड सांधेच्या तोंडापासून दोन सूत (पाव इंच) आत राहावा आणि वरून राळ भरावी. चार भाग राळेला एक भाग जवसाचं तेल घेऊन सुरुवात करा. मंद आचेवर वितळवून थेंबभर थंड पाण्यात टाका. वाकवल्यावर मोडला तर तेल वाढवा, बोटाला चिकटत राहिला तर राळ वाढवा. गंज (पातेलं) तिसरा हिस्साच भरा आणि चूल घराबाहेर, मोकळ्यावर मांडा. राळेनं पेट घेतला तर झाकण ठेवून विझवा, पाणी कधीच ओतू नका.

मग तेलाचा हात. जवसाचं तेल हवेनं सुकून घट्ट होतं, म्हणून तेच घ्यायचं. करंजीचं तेल तसं सुकत नाही. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून द्या, दुसरा नुसत्या तेलाचा. पंधरा फुटी डोंग्याला आतून-बाहेरून मिळून अडीच-तीन लिटर तेल धरा. अर्ध्या तासानं वर राहिलेलं तेल फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर महिनाभर चिकचिक राहते आणि धूळ बसते. ती फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेली फडकी आपोआप पेटतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पुन्हा पाण्यात उतरवल्यावर पहिला दिवस-दोन दिवस डोंगा गळणारच. फळ्या फुगून सांध मिटायला तेवढा वेळ लागतो. या दिवसांत जास्तीचा पेड कोंबू नका, नुसतं पाणी उपसत राहा.

रोजचं काम थोडं आहे, पण टाळू नये. परतल्यावर आतलं पाणी उपसा, खवले आणि चिखल धुऊन काढा आणि फासळ्यांखाली पाणी वाहायला ठेवलेली भोकं तारेनं मोकळी करा. ती बुजली की पाणी कोपऱ्यात साचतं आणि डोंगा आतून कुजायला लागतो. नायलॉनचं जाळं सावलीत वाळवा, उन्हात त्याचा धागा ठिसूळ होतो.

बांधताना पाण्याची चाल लक्षात घ्या. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात पाणी किती चढेल-उतरेल हे धरणाच्या दारांवर अवलंबून असतं. दोर आखूड असेल तर पाणी चढताना डोंग्याचं नाक खाली दाबलं जातं आणि आत पाणी शिरतं. काठ सपाट असेल, दहा फुटांत एक फूट उतरणारा, तर तीन फूट पाणी उतरलं की पाण्याची कड तीस फूट मागे जाते आणि डोंगा तिरपा होऊन चिखलात बसतो. अशा जागी चाळीस-पन्नास फूट दोर ठेवा आणि तो काठाच्या वरच्या बाजूला, जिथं पाणी पोचत नाही अशा झाडाला किंवा पक्क्या खुंटाला बांधा. बेशरमाच्या झुडपाला बांधू नका, ओल्या मातीतून ते मुळासकट निघतं.