जुन्या फोनवर ईमेल खातं जोडताना
पासवर्ड संगणकावर चालतो, पण जुन्या फोनमधलं मेल ॲप ‘पासवर्ड चुकीचा’ एवढंच सांगत राहतं, असं झालं तर पासवर्ड बदलत बसू नका. माझ्या अँड्रॉइड ४.४ च्या फोनवर अडचण वेगळीच निघाली. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर ओळखीची आणखी एक खात्री) होती आणि त्या ॲपला दुसरा टप्पा दाखवताच येत नव्हता. संगणकावरून खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘ॲप पासवर्ड’ (एखाद्या ॲपपुरता वेगळा पासवर्ड) तयार केला, नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाकला आणि खातं उघडलं. फोन हरवलाच, तर तेवढा एक पासवर्ड रद्द करता येतो, म्हणून मला हा मार्ग मनापासून आवडला.

सेटअप मॅन्युअल ठेवा: येणाऱ्या मेलसाठी आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत), पोर्ट ९९३, एसएसएल (जोडणी सुरक्षित ठेवण्याची पद्धत). पॉप ही मेल घेण्याची दुसरी पद्धत शक्यतो नकोच. काही ॲप त्यात मेल उतरवून घेऊन सर्व्हरवरून पुसून टाकतात.

मेल येऊ लागले, पण जाईनात. एसएमटीपीला, म्हणजे मेल पाठवण्याच्या सेटिंगला, पोर्ट ५८७, सुरक्षेसाठी स्टार्टटीएलएस आणि ‘साइन-इन आवश्यक’वर खूण केल्यावर तेही सुटलं.

तारीख-वेळ मात्र आधी तपासाच. ती चुकली असेल तर सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र फोनला अवैध वाटतं. शिवाय अँड्रॉइड ५ च्या आधी टीएलएस १.२ (जोडणी सुरक्षित करण्याच्या पद्धतीची एक आवृत्ती) सहसा बंद असतं. सर्व्हर त्याच कारणाने जोडणी नाकारत असेल, तर सेटिंग बदलून उपयोग नाही, मेल ॲपच दुसरं शोधावं लागतं.