सगळ्यांनी मिळून एक गोधडी शिवायची असेल तर

सोसायटीत, महिला मंडळात नाहीतर शाळेत, घराघरातले जुने कपडे गोळा करून एकच मोठी गोधडी करायची ठरवलंत तर आधी एक सांगते. "ज्याला जसा आवडेल तसा तुकडा आणू दे, जोडायचं नंतर बघू" असं सांगणारं कोणीतरी भेटतंच, त्यांचं अजिबात ऐकू नका. मी आत्तापर्यंत अशा सहा गोधड्या केल्यात, आणि माप न ठरवता केलेली पहिली जोडताना पार रडकुंडीला आले होते.

माप: प्रत्येकाने १३ इंचाचा चौकोन कापायचा, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो आणि १२ इंच उरतात. ५ बाय ७ असे ३५ चौकोन म्हणजे ५ फूट बाय ७ फूट. पुठ्ठ्याचा एकच साचा करून घरोघरी फिरवा, तोंडी माप सांगू नका. अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत १९८७ पासून जी प्रचंड गोधडी वाढत गेली तिथेही प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूटच असतो, म्हणून तर हजारो अनोळखी हातांचं काम एकमेकांना जोडता आलं.

कापड: सुतीच, आणि धुतलेलंच. कोणीतरी आईची सिंथेटिक साडी घेऊन येतं आणि तिला नाही म्हणवत नाही, म्हणायचंही नाही, त्या साडीचं छोटं ठिगळ सुती चौकोनावर लावायचं. अस्तराचं कापड नवं असेल तर तेही आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचा थर फुगतो.

चौकोन मशीनवर जोडा, शिवणी इस्त्रीने बसवा. झालं.

आता थर लावणं, खरी गोधडी इथेच बनते किंवा बिघडते. खाली अस्तर, मध्ये जुन्या सुती साड्यांचे दोन थर, वर आपले चौकोन. साडीचा पन्हा ४५ इंचाच्या आसपास असतो त्यामुळे आतल्या थरांना जोड द्यावाच लागतो, पण तो प्रत्येक थरात वेगळ्या जागी येऊ द्या. जोडावर जोड आला की तिथे सुईच जात नाही, माझ्या दोन सुया मोडल्यात.

दुसऱ्या गोधडीला आम्ही थर अंथरले, चार कोपऱ्यांत टाके घातले आणि चारी बाजूंनी बायका बसून आत शिवत आल्या. तीन दिवस छान चाललं होतं, गप्पा, गाणी, चहा, आणि चौथ्या दिवशी बघतो तर मधोमध हा एवढा झोळ! सगळं उसवावं लागलं. माझी आजी कडेनेच सुरू करून आत यायची, कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तीही कडेनेच आत येते, मग आमचंच का चुकलं हे मला खूप दिवस कळत नव्हतं. आजीच्या गोधडीत पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या एकटीच्या हाताची ओढ होती. आमच्यात एकीचा दोरा घट्ट, दुसरीचा सैल, तिसरी नवीनच शिकलेली, आणि सगळ्यांनी पुढे ढकललेलं जास्तीचं कापड मध्ये येऊन साचलं.

म्हणून पाच-सहापेक्षा जास्त हात असतील तर मधूनच बाहेर जा. अस्तर उलटं अंथरून कडा फरशीला चिकटपट्टीने लावा, सपाट राहील इतपतच, ताणू नका, ताणलेलं कापड सोडल्यावर आखडतं. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारखा करा. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चे टाके, आधी मधोमध उभी-आडवी फुली, नंतर वीतभर अंतरावर ओळी, प्रत्येक ओळ मधून बाहेर. हे काम दोघी-तिघींनीच करायचं, आणि अर्धा दिवस लागतो तो लागू दे. "टाचण्या लावल्यात की, बास झालं" म्हणतील, नाही होत बास, मांडीवर घेतलं की टाचण्या निसटतात आणि शेजारी पोरं खेळत असतात.

मग धावदोरा. दोरा जाड सुती, हात-दीड हातापेक्षा लांब नको, गुंततो. दर तासाला जागा बदला, म्हणजे घट्ट हात आणि सैल हात सगळीकडे विखुरतात. कोणाचा टाका मोठा पडला तर उसवायला लावू नका, ज्या काकूंनी चाळीस वर्षांनी सुई हातात घेतली त्यांचा टाका तसाच दिसला पाहिजे. सुया मोजून द्या, उठताना मोजून परत घ्या.

कच्चे टाके काढा, कडेला गोट लावा. मागच्या बाजूला सगळ्यांची नावं दोऱ्याने भरा, पेनाने नको, पुसली जातात. आणि कोणाच्या घरी किती दिवस राहणार ते सुई धरायच्या आधीच ठरवून ठेवा, आमची दर महिन्याला घर बदलते आणि ज्यांच्या घरी जाते ते एकदा ऊन दाखवूनच पुढे देतात.