फुकटचा लाउंज, पावणेपंधरा हजारांची फी: ट्रॅव्हल कार्ड घेताना या चुका टाळा

मी कणकवलीत हिशेबाचं आणि रिटर्न भरायचं काम करते. जून-जुलैत लोक पिशवीभर कागद घेऊन येतात आणि हल्ली त्या पिशवीतून एक काळं, जाडजूड, चकचकीत ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड हमखास निघतं. "मॅडम, ह्येचो काय फायदो आसा तो बघा मा." बघते की. पण फायदा कार्ड घेण्याआधी बघायचा असतो. वर्षाची फी कापून गेल्यावर मी काय बघणार?

त्याच त्या चुका दरवर्षी नव्या चेहऱ्यांनी समोर येतात, म्हणून एकदा लिहून टाकते.

लाउंज मोजू नका, विमानं मोजा

विमानतळावर टेबल मांडून बसलेला मुलगा पहिलं वाक्य बोलतो ते लाउंजचं. खाणं फुकट, बसायला सोफा, घरच्यांनाही नेता येईल. आपला माणूस तिथेच विरघळतो. मी एकच प्रश्न विचारते: गेल्या वर्षी विमानात किती वेळा बसलात? मग छताकडे बघणं सुरू होतं.

आपण मुंबईला जातो ते कोकणकन्येने, मांडवीने, तुतारीने. नाहीतर रात्रीच्या खासगी स्लीपरने, आणि गणपतीत मिळेल त्या जादा एसटीने. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यातल्या मोपाहून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात आणि तेव्हापासून या कार्डांचं वेड आमच्या बाजूला फार वाढलंय. पण चिपीची सेवा कधी असते, कधी नसते. मोपाला जायचं तर गाडीचं भाडं वेगळं. वर्षातून एकदा-दोनदा विमानात बसणाऱ्याने लाउंजमधल्या इडली-कॉफीसाठी १२,५०० रुपये फी भरायची, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,७५० रुपये. एवढ्यात मालवणात अख्खं कुटुंब किती वेळा मासे जेवेल, ते तुम्हीच बघा. शिवाय बऱ्याच कार्डांवर आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंज उघडतो. ही अट टेबलावरचा मुलगा सांगत नाही, ती बारीक अक्षरात असते.

रेल्वेच्या बाबतीत तर बोलायलाच नको. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. तुमच्याकडे कुठलंही कार्ड असो, वेटिंग ते वेटिंगच. उलट आयआरसीटीसीवर यूपीआयने पैसे भरले तर सुविधा शुल्क एसीला २० रुपये आणि बिगर-एसीला १०. कार्डाने भरले तर ३० आणि १५, जीएसटी वेगळा.

तुमचा खर्च कार्डावर बसतो का?

माहितीपत्रकात गणित असं असतं: शंभर रुपयांना दोन पॉइंट, एक पॉइंट एक रुपयाचा, म्हणजे दोन टक्के परत. ते खरं धरलं तरी १४,७५० रुपये वसूल करायला ७,३७,५०० रुपयांचा खर्च लागतो. आणि तोच पॉइंट विमान कंपनीकडे न पाठवता बिलात वळता करून घेतला तर कित्येकदा २५ पैशांचाच धरतात. मग खर्च होतो साडेएकोणतीस लाखांचा.

माझी सवय अशी. बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट छापून घ्यायला सांगते आणि लाल पेनाने एकेक ओळ खोडते. घराचा हप्ता खोडला. बाजारातले मासे, भाजी, रिक्षा, एसटी, गडीमाणसांची मजुरी खोडली, कारण ते रोख किंवा यूपीआय. पेट्रोल खोडलं, बहुतेक कार्डांवर त्याला पॉइंट नसतात. पेट्रोलवरचा एक टक्का अधिभार माफ होतो, पण तो कार्ड वापरल्यामुळेच लागणार होता, त्याला कमाई म्हणू नका. घरभाडं, वॉलेट, सरकारी भरणा यांवर पॉइंट नाहीत किंवा मर्यादा आहे. सावंतवाडीच्या एका शिक्षक जोडप्याचा वर्षाचा सहा लाखांचा खर्च असा खोडत गेले तेव्हा खाली १,८०,००० उरले. त्यावर ३,६०० पॉइंट. नवरा म्हणाला, आमची मासेवालीसुद्धा क्यूआर ठेवते की! ठेवते, पण यूपीआयला जोडता येतं ते रुपे क्रेडिट कार्ड, आणि ही काळी कार्डं बहुतेक दुसऱ्या नेटवर्कची (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) असतात. तिच्या क्यूआरवर ती चालणार नाहीत.

यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून आलेले तरुण या खोडाखोडीला कंटाळतात. "ॲप आहे ना मॅडम, आपोआप हिशेब करतं." ॲप करतं खरं. तेच ॲप खाली कार्डाची जाहिरातही दाखवतं आणि तुम्ही अर्ज केलात की त्याला कमिशन मिळतं.

दुसऱ्यांचे खर्च आपल्या कार्डावर घेणं

हा माझा सगळ्यात नावडता प्रकार, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

प्रीमियम कार्डांवर टप्पे असतात: वर्षात इतके लाख खर्च केलेत तर तिकिटाचं व्हाउचर, त्याच्या पुढे गेलात तर फी माफ. आपला खर्च तिथवर पोचत नाही. मग लोक शक्कल लढवतात. तारकर्लीला होमस्टे चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे रिटर्नला येतात. त्यांनी मेव्हण्याचे दोन फोन, शेजाऱ्याचा फ्रिज, मित्राच्या होमस्टेचे एसी, चुलत बहिणीच्या लग्नाचा हॉल आणि मंडळाच्या गणपतीचा मंडप, सगळं स्वतःच्या कार्डावर घेतलं. ज्याचे त्याने यूपीआयने पैसे परत केले. दोघांनी रोख दिले. टप्पा पार पडला, व्हाउचर आलं, गावात कौतुक झालं.

पुढच्या वर्षी प्राप्तिकर खात्याचा संदेश आला. एका आर्थिक वर्षात क्रेडिट कार्डाच्या बिलापोटी रोखीशिवाय १० लाख किंवा त्याहून जास्त भरले, किंवा रोखीने एक लाख किंवा त्याहून जास्त भरले, तर कार्ड देणारी बँक ते खात्याला कळवते. ते तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतं. यांनी रिटर्नमध्ये उत्पन्न दाखवलं होतं साडेपाच लाख आणि कार्डाची बिलं भरली होती अकरा लाखांवर. "सगळ्यांनी पैसे दिल्यानी मा!" हे त्यांचं उत्तर. दिले असतील, पण ते खात्याला कसं कळणार? आम्ही एकेक यूपीआय जमा शोधली, कोणाची, कशापोटी, फोनचं बिल कोणाच्या नावावर, मंडपवाल्याची पावती मंडळाच्या नावे आहे का. रोख देणाऱ्या दोघांकडून लिहून घेतलं. त्यातल्या एकाशी त्यांचं बोलणं अजून बंद आहे. ज्याने एसी घेतले होते त्याने पैसे दिले दिवाळीनंतर, तोवर बिल यांनी घरखर्चातून भरलं. शेवटी प्रकरण मिटलं, कर लागला नाही, पण माझी फी लागली. आणि त्या व्हाउचरवर त्यांनी मोपा-मुंबई तिकीट काढलं, तर मालवणहून मोपाला जायच्या टॅक्सीलाच तिकिटाच्या जवळपास पैसे पडले.

हे कार्ड स्वतःच्या खर्चासाठी आहे असं बँकेच्या अटींत लिहिलेलं असतं, आणि व्यापारी वापराचा संशय आला तर पॉइंट काढून घ्यायचा हक्कही बँकेने ठेवलेला असतो. माझा नियम सोपा आहे: टप्पा आपोआप पार होत नसेल तर तो आपल्यासाठी नाही. मार्च महिन्यात "अजून चाळीस हजार खर्च करायचे आहेत, काय घेऊ?" असं विचारणाऱ्याला मी चहासुद्धा देत नाही.

हंगामी कमाई, मासिक बिल

देवगड-विजयदुर्ग पट्ट्यातल्या आंबा बागायतदारांनो, हे तुमच्यासाठी. पैसा येतो एप्रिल-मे महिन्यांत, वाशीचा दलाल कधी जूनही दाखवतो. फवारणी, खत, राखण, खोकी यांचा खर्च मात्र दिवाळीपासून सुरू. हा खर्च कार्डावर टाकला की पॉइंट भराभर जमतात आणि बिल येतं दर महिन्याला. मग 'किमान देय रक्कम' भरायची, तेवढ्यावर बँक खूश.

बँक खूश का ते बघा. दोन लाख थकले आणि व्याज महिना ३.६ टक्के असेल तर महिन्याला ७,२०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १,२९६, मिळून साधारण साडेआठ हजार. त्या दोन लाखांवर मिळालेले पॉइंट चार हजारांचे. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज. माझ्या मावसभावाला मी हे कागदावर मांडून दाखवलं तर म्हणतो, "अगे पण विमानाचा तिकीट फुकट गावला!" त्याला आता पीक कर्ज घ्यायला लावलंय आणि कार्ड वहिनीकडे दिलंय. बिल पूर्ण भरायची खात्री नसेल त्याने पॉइंटांचा विचारच करू नये.

पॉइंट साठवून ठेवणं

लोक पॉइंट मुदत ठेवीसारखे साठवतात. ठेवीवर व्याज मिळतं. पॉइंटची किंमत बँक आणि विमान कंपनी मनाला येईल तेव्हा उतरवतात. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब या पॉइंट-योजनेत गेले, पण ज्या विस्तारा कार्डांवर लोक मोफत तिकिटं मिळवत होते ती बंद होत गेली. जमले की वापरा. आणि विमान कंपनीकडे पॉइंट पाठवायच्या आधी हव्या त्या तारखेला पॉइंटवर सीट आहे का ते बघा, कारण एकदा पाठवलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात. एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका, शुल्कही लागतं आणि व्याजही त्याच दिवसापासून. परदेशात, समजा दुबईत, मशीनने रुपये की दिरहम विचारलं तर दिरहम, म्हणजे तिथलं चलन दाबा. कार्डाबरोबर मिळणारं वेलकम व्हाउचर एरवी स्वतःच्या खिशातून विकत घेतलं असतं तरच त्याची किंमत धरा. विमान अपघात विम्याची अट वाचा, बऱ्याचदा तिकीट त्याच कार्डावर काढलेलं लागतं. आणि चार बँकांत एकदम अर्ज करू नका, प्रत्येक चौकशी सिबिलला, म्हणजे तुमची कर्जाची पत नोंदवणाऱ्या संस्थेला दिसते.

मग हे कार्ड कोणीच घेऊ नये का? तसं नाही. चिपळूणच्या एका डॉक्टर दांपत्याला मीच म्हटलं, घ्या. ते दरवर्षी परदेशात जातात आणि तिथे चारेक लाख खर्च करतात. साध्या कार्डावर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के, जीएसटी धरून ४.१३. त्यांच्या नव्या कार्डावर दोन टक्के, जीएसटी धरून २.३६. फरक ७,०८० रुपयांचा, म्हणजे जवळजवळ अर्धी फी तिथेच सुटली. उरलेली त्यांच्या हॉटेल-विमानांच्या पॉइंटांतून सहज निघते, बिलही ते पूर्ण भरतात. बोटीवर असलेल्या मुलांना मात्र मी नाही म्हणते. त्यांची तिकिटं कंपनी काढते आणि सहा-आठ महिने ते समुद्रावर असतात.

कात्रीने कार्ड बंद होत नाही

फी लागली म्हणून रागाने कार्ड कापून कचऱ्यात टाकणारे दरवर्षी भेटतात. प्लास्टिक कापलं, खातं चालूच. पुढच्या वर्षी पुन्हा फी, त्यावर विलंब शुल्क, मग गृहकर्जाच्या वेळी सिबिलचा गोंधळ.

कार्ड ज्या महिन्यात मिळालं त्याच्या आधीच्या महिन्यात फोनवर आठवण लावा. आधी बँकेला फी माफ करणार का विचारा, पुष्कळदा काहीतरी सवलत देतात. नाही म्हणाले तर शिल्लक पॉइंट वापरून टाका, खातं बंद झालं की ते जातात. थकबाकी शून्य करा, कार्डावर लावलेले ऑटो-पेमेंट काढा. मग बंद करायचा अर्ज ईमेलने किंवा ॲपमधून करा, नुसता फोन नको. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. अर्जात हा नियम लिहा, तक्रार क्रमांक घ्या, आणि बंद झाल्याचं उत्तर आलं की छापून रिटर्नच्या फाइलला लावा.