सेकंड अपील: नव्या वकिलांनी प्रश्न कसा काढावा

जिल्हा न्यायालयात अपील हरलं की पक्षकार म्हणतो, "साहेब, आता हायकोर्ट." तिथल्या या दुसऱ्या, म्हणजे सेकंड अपिलात पुरावा पुन्हा तपासला जाईल, ही त्याची आशा असते. तसं होणार नाही, हे वकालतनाम्यावर सही घेण्याआधीच त्याला सांगा. साक्षीदार खरा की खोटा, ताबा कुणाचा, हे वाद सहसा जिल्हा न्यायालयापाशी संपतात. 1976 च्या दुरुस्तीनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच हायकोर्ट अपील ऐकतं.

इथवर सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते प्रश्न लिहिताना. मला याच गोष्टीने फार छळलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

तक्रारीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं म्हणून तिचा कायद्याचा प्रश्न होत नाही. मुदतखरेदीचंच घ्या. शेतकरी नडीला खरेदीखत करून देतो, पैसे फेडले की जमीन परत, असं ठरतं. पुढे वाद होतो, ही विक्री की गहाण? समजा जिल्हा न्यायालयाने गहाण धरलं आणि तुम्ही खरेदीदारातर्फे आहात. "साक्षीदारांनी विक्री सांगूनही कोर्टाने ती मानली नाही, हे योग्य आहे का?" असं लिहिलंत, तर अ‍ॅडमिशनलाच, म्हणजे अपील ऐकायला घ्यायचं की नाही हे ठरतानाच, ते फेटाळलं जाणार.

त्याऐवजी दस्त उघडा. परतीची अट त्याच खरेदीखतात आहे की वेगळ्या करारात? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58(सी) ला 1929 साली परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी पुरवणी, जोडलं गेलं: अट त्याच दस्तात नसेल तर व्यवहार गहाण धरता येत नाही. मग प्रश्न असा होतो: "परतीची अट खरेदीखतात नसून वेगळ्या करारात असताना, कलम 58(सी) च्या परंतुकाविरुद्ध व्यवहार गहाण ठरवता येतो का?" याच्या उत्तराला एकही साक्षीदार लागत नाही. दस्त वाचायचा आणि कलम लावायचं. प्रत्येक मुद्द्याला हीच कसोटी लावा: उत्तर देण्यासाठी कुणाची तरी जबानी तोलावी लागणार असेल, तर तो मुद्दा खोडून टाका.

मात्र जबानीचा विषय आला म्हणून लगेच हातपाय गाळू नका. निष्कर्षाला मुळात पुरावाच नसेल, तर तो कायद्याचाच दोष. ट्रायल कोर्टाचा निकाल फिरवताना त्याच्या कारणांना जिल्हा न्यायालयाने उत्तरच दिलं नसेल, तर सुप्रीम कोर्टाचा 2001 चा संतोष हजारी निकाल काढून वाचा. महत्त्वाचा प्रश्न कशाला म्हणायचं, तेही त्यातच नीट सांगितलंय.

जुन्या अपिलातले प्रश्न उचलून चिकटवणं मला अजिबात मान्य नाही. प्रश्न नेमका मांडा, असं कलम 100(3) सांगतं, आणि उसना प्रश्न न्यायाधीशांना पहिल्या पानावरच कळतो. हे काम शिकायला सीनियर निवडताना तो किती मोठा हे पाहू नका. तुमचा मसुदा लाल पेनाने खोडतो का, ते पाहा. फक्त तारखा घ्यायला पाठवणाऱ्याकडे हे काम येत नाही.

मुदत 90 दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, पण नकलेचा अर्जच उशिरा टाकलात तर तो उशीर तुमच्याच माथी. निकालाच्या दिवशीच अर्ज टाका.

आणि खरा प्रश्न अपील दाखल झाल्यावर सापडला, तर दडपून बसू नका. कलम 100(5) च्या परंतुकाने हायकोर्टाला कारणं नोंदवून अंतिम सुनावणीतही नवा प्रश्न घेता येतो. तो लेखी काढा, समोरच्या वकिलांना आधी प्रत द्या आणि उभं राहताच पहिल्यांदा तोच मांडा.