सुरणाचं कूळ ओळखायचं कसं?

जून उजाडला की वसई, पालघर, ठाण्याच्या बाजारांत रानभाज्यांच्या टोपल्यांतून शेवळांच्या जुड्या येतात. तपकिरी-जांभळी, लांबट, टोकाला निमुळती. शेवळ म्हणजे सुरणाच्या रानटी भाऊबंदाचा कोवळा फुलोरा. एक जुडी घरी आणा आणि भाजीला बसण्याआधी त्यातलं एक शेवळ भिंगाखाली धरा. सुरण कूळ, म्हणजे अ‍ॅरेसी, ओळखायला याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

सुरुवात फुलोऱ्यापासून करा. बाहेरचं जांभळट वेष्टन हलक्या हाताने सोला. हा महाछद. दिसतो पाकळीसारखा, पण ते फुलोऱ्याला लपेटून घेणारं एकच मोठं पान असतं. आत मांसल दांडा सापडेल, ते स्थूलकणिश. त्याच्या तळाशी दाटीवाटीने चिकटलेले इवले गोळे ही मादी फुलं. त्यांच्या वर पिवळसर, दाणेदार पट्टा दिसतो, ती नर फुलं. आणखी वर फुलं नसलेलं लांब टोक. शेवळं साफ करताना घरोघरी आतला पिवळा भाग काढून टाकतात, कारण तो जास्त खाजरा. तो भाग म्हणजेच हा नर फुलांचा पट्टा. आपल्या आया-आज्या वर्षानुवर्षं हा फुलोरा उलगडत आल्या आहेत.

एक महाछद आणि त्यात एक स्थूलकणिश ही जोडी दिसली की कूळ जवळजवळ पक्कं. कुंडीतल्या अँथुरियमचं लाल चकचकीत ‘फूल’ हा महाछदच. खरी फुलं त्या मधल्या दांडीवर आहेत. सापकांद्यात महाछद वर जाऊन नागाच्या फणीसारखा पुढे झुकतो. पावसाळ्यात महाबळेश्वरला गेलात तर तो पाहाच. या वनस्पतीचा कंद लहान असतो तेव्हा ती नर फुलं देते आणि कंद पोसला की मादी. त्यामुळे शेजारच्या दोन झाडांचे फुलोरे आतून वेगळे दिसले, तर त्या दोन जाती असतीलच असं नाही.

पण फुलोरा वर्षातले थोडेच दिवस असतो. एरवी पानांवर भिस्त, आणि तिथे घाई नको. हे कूळ एकदलिकित (बीजात एकच दल असलेलं) असूनही यातल्या बऱ्याच वनस्पतींच्या पानांत शिरांचं जाळं असतं, म्हणून ‘समांतर शिरा नाहीत, म्हणजे द्विदलिकित’ हा शाळेतला नियम इथे फसवतो. अळूचं पान घ्या. देठ पानाच्या खाचेत जोडलेला नसतो, खाचेपासून थोडा आत, पानाच्या पाठीला चिकटतो. वरून पाणी टाका, थेंब मोत्यासारखे घरंगळून जातील. अळवावरचं पाणी म्हणतात ते हेच. पण एवढ्यावर अळू ठरवू नका. रंगीत ठिपक्यांच्या कॅलेडियमचा देठही तसाच जोडलेला असतो. झाडांच्या बेचक्यांत वाढणाऱ्या रुखाळूचाही तसाच, मात्र त्याला उभ्या दांड्यांवर आकड्यांच्या खवल्यांच्या बारीक कंदिका येतात. त्या दिसल्या की शंका उरत नाही.

सुरणात गोंधळ वेगळा. ठिपक्याठिपक्यांचं, खरखरीत, खोडासारखं जे उभं दिसतं तो पानाचा देठ. वर पसरलेली सगळी छत्री मिळून एकच पान, आधी तीन भागांत आणि मग पुन्हा पुन्हा विभागलेलं. खरं खोड म्हणजे जमिनीतला घनकंद.

आता सारख्या दिसणाऱ्यांकडे वळू. देवकंदाचं पान सुरणाची हुबेहूब आठवण करून देतं, पण त्याच्या फुलोऱ्यातून लांब दोऱ्यांसारखे धागे लोंबतात आणि स्थूलकणिश नसतं. वेखंडाला कणीस असतं, म्हणून पूर्वी त्याला याच कुळात धरत. आता त्याचं कूळ वेगळं मानतात. त्याची तलवारीसारखी पानं चुरगळून वास घेतला की ते लगेच कळतं. कर्दळीच्या पानात मधल्या शिरेपासून समांतर शिरा निघतात, ती बाजूला काढा. पाण्यावर तरंगणारं गोंडाळ मात्र याच कुळातलं आहे. त्याचा फुलोरा पानांच्या बेचक्यात इतका बारीक असतो की सहज नजरेत भरत नाही.

एक गोष्ट कधीही करू नका: ओळखण्यासाठी पान किंवा कंद चाखून पाहणं. या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत आणि घशात टोचतात. सूज येते, तोंडाची आग होते. भाजीत चिंच, कोकम किंवा शेवळांबरोबर काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घालतात ती या खाजेसाठीच. कुंडीतल्या डिफेनबाखियातही हे स्फटिक असतात, म्हणून घरात रांगतं मूल असेल तर ती कुंडी उंचावर ठेवा. फुलोरा हाताळल्यावर हात साबणाने धुवा, तोवर डोळ्यांना लावू नका.

रानात शेवळ दिसलं तर उपटू नका. संपूर्ण फुलोरा, महाछदाची आतली बाजू आणि आजूबाजूची जमीन असे तीन फोटो घ्या, आणि बुंध्याजवळ एक दगड ठेवून या. शेवळाचं पान फुलोऱ्यानंतर येतं. पाऊस लागून राहिला की पुन्हा जा. दगडाशेजारी एकच देठ आणि त्यावर पसरलेलं पान उभं असेल. त्याचा चौथा फोटो घ्या.