पंप बंद, तरीही वाढणारा टोटलायझर

आमच्या कूलिंग टॉवरच्या १०० मिमी मेकअप लाइनवरील (टॉवरमधील घटलेले पाणी भरून काढणाऱ्या पाइपवरील) मॅग्नेटिक फ्लोमीटर रात्री पंप बंद असतानाही ताशी सुमारे ०.३ घनमीटर प्रवाह दाखवीत असे, आणि त्यामुळे सकाळपर्यंत टोटलायझरमध्ये (एकूण पाण्याची बेरीज ठेवणाऱ्या मोजणीत) दोन-अडीच घनमीटर पाणी फुकट जमा झालेले दिसे. व्हॉल्व्ह गळत असेल, हा पहिला संशय खोटा ठरला; कारण मीटरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह घट्ट बंद केल्यावरही आकडा ०.२ ते ०.४ यांच्यात हलतच राहिला. मीटरच्या अर्थिंगची लग (तारेचे जोडणीचे टोक) सैल आणि गंजलेली निघाली. ती घासून आवळल्यावर आकडा ०.१ वर आला. त्यानंतर पाइप पूर्ण भरलेला व पाणी निश्चल असल्याची खात्री करून झीरो ॲडजस्ट केले. (रिकाम्या पाइपवर झीरो करणे म्हणजे नवा घोळ ओढवून घेणे होय.)

ट्रान्समीटरमधील (मीटरचा संकेत पाठवणाऱ्या भागातील) लो फ्लो कटऑफ, म्हणजे ज्याखालचा प्रवाह शून्य धरला जातो ती मर्यादा, मुळातच शून्यावर ठेवलेला होता. मी तो घाईने ताशी ६० घनमीटरच्या स्पॅनच्या (मोजणीच्या पूर्ण पट्ट्याच्या) २ टक्के, म्हणजे १.२ ठेवला, आणि तिथेच चुकलो: फ्लोट व्हॉल्व्ह जवळजवळ मिटत आला की ताशी एक घनमीटराच्या आसपास जे खरे पाणी जाते, तेही मोजणीतून गळाले. शेवटी कटऑफ ०.५ वर आणला. या व्यासाला तो सेकंदाला जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर वेग होतो. आता पंप बंद झाला की आउटपुट ४.०० मिलिअँपिअरवर, म्हणजे शून्य प्रवाहाच्या संकेतावर, स्थिर राहते.